माझ्या सासरी तू बोलली नाहीस

माय,

परवा भाजी घेऊन घरी येत होते. कोपऱ्यावर नवी इमारत बांधतायत, तिथं एका मजूर बाईनं मला थांबवलं. अंगाला सिमेंट लागलेलं आणि कडेवर डोळे मिटलेलं पोर. म्हणाली, "बाई, इकडं दवाखाना कोन्या बाजूनं पडते? पोराले ताप हाये, दोन दिसापासून जेवून नाई राह्यला." पिशवी हातातच राहिली माझी. ही वाशीमकडची, कदाचित मेडशीच्या अंगाची, हे पहिल्या चार शब्दांत कळलं मला. आणि मी तिला काय सांगितलं असेल? "सरळ जा, दुसऱ्या चौकात डावीकडे वळा, पिवळी पाटी दिसेल." अगदी स्वच्छ, वर्गात शिकवावं तसं. तिनं मान खाली घालून ऐकलं, "हो बाईसाहेब" म्हणाली आणि निघून गेली. "कोन्या गावची व तू?" एवढंच आपल्या बोलीत विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. घरी येऊन भाजी ओट्यावर टाकली आणि बसून राहिले. दोन दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. मग म्हटलं, हे तुलाच लिहावं.

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तुझ्या नावानं मी आयुष्यात एकही पत्र घातलं नाही. सगळी पत्रं बाबांच्या नावानं जायची आणि शेवटी 'मायला नमस्कार' एवढी तुझी वाटणी. बाबा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि तू उंबऱ्याशी बसून ऐकायचीस. वाचून झालं की म्हणायचीस, पोरगी चांगली लिहिते, पण तिचा आवाज नाही येत यातून. हे मला बाबांनी हसत हसत सांगितलं होतं. मीही तेव्हा हसले होते.

तुला आवाजांचं वेड होतं माय. आपलं शेत शिरपूरच्या वाटेवर, आणि वाटेला लागून आपली विहीर. तिथल्या जैन देवळाच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या दमण्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, विहिरीवर बैलांना पाणी पाजायला थांबायच्या. तू काठावर उभी राहून कळशी ओतायचीस आणि लोकांना बोलतं करायचीस. दमणी पुढं गेली की मला सांगायचीस, ही म्हातारी कारंज्याची, पण माहेर तिचं मोगलाईतलं. तो गडी कामरगावच्या अंगचा, तिकडची माणसं बोलताना शेवटी आवाज असा वर नेतात. मी एकदा पळत जाऊन विचारून आले होते, खरंच कामरगावचा निघाला. लांबून आलेले, गुजराती वळणाची मराठी बोलणारे यात्रेकरू आले की तुला जास्तच मौज वाटायची. त्यांचा एखादा शब्द तू दिवसभर तोंडात घोळवायचीस, पण कुणाची नक्कल करून हसल्याचं मला एकदाही आठवत नाही. तू म्हणायचीस, "मानूस बोलाले लागलं का त्याचं गाव दिसते मले." तुझं गाव म्हणजे चार मैलांवरचं माहेर आणि हे सासर, पण तुला किती मुलूख दिसत होता, हे मला आता कळतं. मी शाळेत सगळा नकाशा शिकवला पोरांना, आणि मला ऐकू आली ती फक्त चूक.

ही चूक ऐकण्याची विद्या मी अमरावतीला शिकले. बाबांनी हौसेनं मला तिथल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तुझ्या मनात नव्हतं, पण तू दशम्या बांधून दिल्यास. पहिल्याच आठवड्यात बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उभी राहून म्हणाले, मले नाई माहीत. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त सांगितलं, "माणसासारखं बोलायला शीक, मग उत्तर दे." त्या वाईट नव्हत्या गं. त्यांनीच मला पुढं पुस्तकं दिली, आजारात उशाशी बसल्या. पण ते वाक्य असं बसलं की मी वर्षभर वर्गात तोंडच उघडलं नाही. बाई आणि शहरातल्या मुली कशा बोलतात ते ऐकत राहिले, एकटी असले की घोकत राहिले. पुढच्या वर्षी जी बोलायला लागले ती वेगळीच मुलगी होती. दिवाळीला घरी आले, तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस, म्हणालीस, जेवाले बस, वाढून राह्यली मी. मी म्हटलं, "वाढते आहे, असं म्हणावं." तू माझ्याकडे पाहिलंस, तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणून पाहिलंस, वाढते आहे. आणि स्वतःशीच हसलीस. मग गावभर सांगत सुटलीस, आमची पोरगी पुस्तकासारखी बोलते. तुला अभिमान वाटला, आणि मला वाटलं, आता हिला शिकवता येईल. काय ही अक्कल माझी!

मी व्हर्नाक्युलर फायनल झाले आणि बाबांच्या ओळखीतून पुण्याचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, आपल्याच समाजातला, हुंडा नको म्हणणारा. फोटो पाहूनच मी मनात घर मांडून बसले होते. त्याची आई आणि मामा आपलं घर बघायला येणार होते. चातुर्मासात अशी बोलणी करत नाहीत, पण मामांना दिवाळीनंतर सवड नव्हती. बाबांची मला काळजी नव्हती, तहसिलीत खेटे घालून घालून ते लागेल तेव्हा कचेरीची मराठी बोलायचे. काळजी तुझी होती. आदल्या दिवशी दुपारी तू तुरीची डाळ पाखडत होतीस. मी समोर बसले आणि म्हटलं, उद्या ती माणसं आली की तू बोलू नकोस. तू सूप खाली ठेवून विचारलंस, "काहून?" मी सांगितलं, पुण्याची माणसं आहेत, तुझं बोलणं ऐकून त्यांना वाटेल मुलगीही अशीच असणार. तू सूप पुन्हा हातात घेतलंस. ते मला सोसेना, म्हणून मी घाईनं पुढची युक्ती काढली. चातुर्मास आहे, आईनं मौन धरलंय असं सांगू, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही. आपल्याकडे बायका चातुर्मासात मौन धरायच्याच. कुणी जेवताना, कुणी सोमवारी दिवसभर. तेव्हा ते कुणाला खोटं वाटणार नव्हतं.

तू बराच वेळ डाळीतले खडे वेचत राहिलीस. मग म्हणालीस, "देवाच्या नावानं खोटं नाई बोलत मी. धरीन तं खरंच धरीन." उठलीस, हात धुतलेस, देवापुढं बसलीस आणि तळहातावरून पाणी सोडलंस. तुझे ओठ हलत होते. काय म्हणालीस ते मी विचारलं नाही. माझं काम झालं होतं ना.

दुसऱ्या दिवशी सगळं माझ्या मनासारखं झालं. तू नवं लुगडं नेसलीस, पुरणपोळी वाढलीस, तूप आग्रहानं ओतलंस आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. बाबा दोनदा चमकून तुझ्याकडे बघत होते, मग त्यांनीही मौनाची री ओढली. सासूबाईही बेताचंच बोलल्या, हो, नाही, पुरे. मला वाटलं, काय रीतीभातीची बाई आहे. जाताना त्यांनी तुझे दोन्ही हात हातात घेतले आणि मामा म्हणाले, अशी सात्त्विक विहीण भाग्यानं मिळते. लग्न ठरलं. ते गेल्यावर तू म्हणालीस, "सासू तुही मायाळू हाये, डोये पाह्यले म्या तिचे." मी विचारत होते, साडी कोणती घ्यायची.

लग्नातही तू बोलली नाहीस. वरपक्षाच्या बायकांत तुझं कौतुक चाललं होतं आणि मी मान खाली घालून ते ऐकत होते. पुण्याला आले आणि पहिल्या आठवड्यातच मला कळलं की माझ्या सासूबाई सासवडकडच्या खेड्यातल्या. "आगं, पानी तापलंय, न्हाऊन घे की," असं बोलायच्या. न्हाई, व्हय, लई, सगळं तोंडात. ज्या तोंडाला मी भ्याले होते, त्या तोंडाला शुद्ध मराठी ठाऊक नव्हती. त्या दिवशी मला हसू यायला हवं होतं, आणि तुला ताबडतोब कळवायला हवं होतं की माय, सोड ते मौन, ये इकडे आणि हवं तितकं बोल. मी कळवलं नाही. कारण मग यांना सांगावं लागलं असतं की ते व्रत मी लावलेलं होतं, आणि का लावलेलं होतं. हे तर मित्रांना सांगायचे, आमच्या सासूबाईंचं मौन म्हणजे तपश्चर्या आहे. तेव्हा मला शाळेत नोकरी लागली होती. मी पोरांच्या जिभा वळवत होते आणि यांना माझ्या उच्चारांचा अभिमान होता. कुठं उघड करत बसू?

पहिल्या बाळंतपणाला मी तुझ्याकडे आले. तो सव्वा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात बोलका काळ. शेक देताना, तेल लावताना तू बोलत राहायचीस. बाळाशी तर अखंड. एक दिवस मी सहज विचारलं, सासरच्यांपुढचं मौन कधी सोडणार तू? कार्तिकी होऊन गेली की केव्हाच. तू बाळाच्या टाळूवर तेल जिरवत होतीस. म्हणालीस, "कार्तिकीचं नोयतं थे. म्या देवाले सांगतलं, माही पोरगी त्या घरात सुखी ठेव, मी त्या घरच्या मानसाइपुढं तोंड नाई उघडनार. सुखी हाये ना तू? मंग बरं हाये."  मी शिकलेली, व्रतांना हसणारी. मला म्हणता आलं असतं की माझ्या सुखाचा आणि तुझ्या तोंडाचा काही संबंध नाही. मी म्हटलं, बरं. बारशाला हे आले. अंगणात त्यांच्या वहाणा वाजल्या आणि बाळाशी बोलता बोलता तू वाक्याच्या मध्येच थांबलीस. बाळ तुझ्या तोंडाकडे बघत राहिलं. तेव्हा मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

मग लढाईची वर्षं आली. तुझं दुखणं सुरू झालं, वैद्याचं औषध लागू पडेना. बाबांनी तुला अकोल्याहून आगगाडीत बसवून पुण्याला आणलं आणि पेरणीसाठी परत गेले. तू माझ्या घरात बारा दिवस होतीस. सासूबाईंना किती आनंद झाला म्हणून सांगू. त्यांच्याशी बोलायला घरात कुणाला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बोलणंही मी चारचौघांत झाकतच आले होते. त्या तुझ्यापाशी बसून सासवडच्या गोष्टी सांगायच्या, पाटा वरवंटा, मेलेली जाऊ, हरवलेली गाय. तू मान हलवायचीस, डोळे पुसायचीस, त्यांचा हात दाबायचीस. मी शाळेतून आले की त्या सांगायच्या, आज इनबाईंशी लई बोलणं झालं. तुझ्या कानांना तर पर्वणीच असेल ती. नवी बोली, नवे शब्द. त्यातला कुठला शब्द तू दिवसभर घोळवत होतीस, ते मला कधी कळणार?

डॉक्टर घरी आले तो दिवस. तू खाटेवर, हे पायथ्याशी, सासूबाई उशाशी, मी तांब्या घेऊन उभी. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कुठं दुखतं?" तू माझ्याकडे पाहिलंस.

माय, तू परवानगी मागत होतीस. एवढंच होतं त्या बघण्यात, दुसरं काही नव्हतं. बोल, असा एक शब्द म्हणायचा होता मला. मी म्हणाले, "त्यांचं मौन असतं डॉक्टर. पोटात दुखतं त्यांच्या." मी ते बाबांच्या पत्रावरून सांगत होते. तू हळूच हात उचललास आणि पोटावर ठेवलास. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि पोटाचं औषध लिहून दिलं.

दुपारी घरात दोघीच होतो. हे शाळेत, सासूबाई देवळात. मी तुझी वेणी घालत होते तेव्हा तू म्हणालीस की कळ पाठीतून निघते आणि छातीत जाते, पोट दुखत नाही. मी चिडले. म्हटलं, मग पोटावर हात कशाला ठेवलास? तू म्हणालीस, "तू सांगतलं ना त्याइले. चार मानसाइत तुले खोटं कशी पाडू?"

निरोप पाठवला तेव्हा डॉक्टर परगावी गेले होते. ते परत येईपर्यंत तिसरा दिवस उजाडला आणि त्या दिवशी भर बाराच्या सुमाराला तू गेलीस. पुढं डॉक्टर म्हणाले, छातीचं कळलं असतं तरी मी फार काही करू शकलो नसतो. मी ते लगेच मान्य केलं. इतकं लगेच, की त्यावर माझा विश्वास कधीच बसला नाही.

तेराव्याला सासूबाईंनी एक हट्ट धरला. इनबाईंचं मौन उद्यापनावाचून राहिलंय, ते आपण पुरं करायचं. मौनाच्या उद्यापनाला देवाला घंटा देतात. त्यांनी जवळच्या महादेवाला पितळेची घंटा दिली, स्वतः पुढं उभं राहून टांगून घेतली. सगळे हात जोडून उभे होते आणि मीही. घरी येताना त्या रडत होत्या. म्हणाल्या, "एकदा तरी बोलल्या असत्या गं माझ्यासंगं. आन् मी तरी काय, पयल्या दिशी तुमच्याकडं आलो तवा मलाबी तुझ्या नवऱ्यानं दम दिला व्हता, तितं कमी बोल म्हनून. म्हनं मानसं मोठी, शेतीवाडीवाली, पोरगी शिकलेली. म्हनून गप बसले मी." त्या मला धरून रडत होत्या. आणि मला आपली ओसरी दिसत होती, तुम्ही दोघी समोरासमोर पाटावर, दोघींना ताकीद दिलेली, आणि मधे पुरणपोळी. दोघींच्या पोरांनी दोघींची तोंडं बांधली होती. तेव्हा तरी सांगायचं होतं मला, त्या रस्त्यावर, सासूबाईंना. मी त्यांना म्हटलं, शांत व्हा, लोक बघतायत.

त्यांनाही जाऊन आता खूप वर्षं झाली आणि यांनाही. कुणालाच सांगितलं नाही मी. तीस वर्षं शाळेत शिकवलं, किती पोरांना 'माणसासारखं बोल' म्हटलं त्याचा हिशेब नाही. तेच वाक्य, माय, तेच. एखादं पोर मग महिना महिना गप्प बसायचं आणि मला वाटायचं, वळण लागतंय. माझ्या मुलाला तुझं तोंड आठवतं, आवाज आठवत नाही. तो म्हणतो, आजी बोलायची नाही ना? मी म्हणते, व्रत होतं तिचं. ज्या बाळाशी तू सव्वा महिना अखंड बोललीस तो हा.

आता हे पत्र कुणाच्या नावानं घालू? वाचून दाखवायला बाबाही नाहीत. आणि आत्ता पहिल्यापासून वाचून पाहिलं तर हेही सगळं अमरावतीच्या बाईंच्या भाषेत. तुझी वाक्यं तेवढी तुझ्या तोंडची. म्हणून मघाशी ठरवलं, निदान एक ओळ तरी तुझ्या बोलीत लिहायची. लेखणी चालेना. मग वाटलं, आधी मोठ्यानं म्हणून पाहावं, ऐकू आली तर लिहिता येईल. उठले आणि म्हटलं, "माय, बोल ना व आता, मी आयकून राह्यली." आवाज माझा म्हाताऱ्या बाईचा, पण शब्द बरोबर आले.

एक मात्र सांगते. मुलगा कामावर गेलाय, घरात मी एकटीच आहे. तरी हे म्हणण्याआधी मी उठून दार लावून घेतलं होतं.